तुम्ही विचारलंत म्हणून : नेहरू-पटेलांचे पटत होते का?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांविषयी कुठेही बोलायला गेलो, की शेवटी हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने आपली बाजू बहुधा आधीच ठरवलेली असते, म्हणून मी उत्तर अजमेरपासून सुरू करतो.

डिसेंबर १९४७ मध्ये अजमेरला दंगल झाली. तेथे जाण्याचा स्वतःचा बेत रद्द करून नेहरूंनी आपले सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार यांना पाठवले आणि गृहखाते सांभाळणाऱ्या वल्लभभाईंना ही आपल्या कारभारातील ढवळाढवळ वाटली. प्रकरण राजीनाम्याच्या भाषेपर्यंत गेले. दोघांनी आपापली भूमिका टिपणात मांडून गांधीजींकडे दिली. पंतप्रधानाला कोणत्याही खात्यात हवे तेव्हा लक्ष घालण्याची मोकळीक असली पाहिजे, असे नेहरूंचे म्हणणे होते. पंतप्रधान हा बरोबरीच्यांतला पहिला, सहकाऱ्यांच्या खात्यांवर त्याची हुकमत चालत नाही, असे पटेलांचे. राज्यघटना अजून तयार व्हायची होती, त्यामुळे पंतप्रधानपद म्हणजे नेमके काय, याचा खल या दोन टिपणांत झाला. याला रुसवेफुगवे म्हणणे मला तरी पटत नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी चार वाजता पटेल गांधीजींना भेटले, ते याच मतभेदांविषयी बोलायला. बोलणे लांबले, प्रार्थनेला उशीर झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. चार दिवसांनी नेहरूंनी पटेलांना जुन्या स्नेहाची आठवण देणारे पत्र लिहिले आणि पटेलांनीही तितक्याच जिव्हाळ्याने उत्तर दिले.

मतभेद मात्र मिटले नाहीत. १९५० च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत नेहरूंना नको असलेले पुरुषोत्तमदास टंडन पटेलांच्या पाठिंब्याने १३०६ मते घेऊन निवडून आले. कृपलानींना १०९२ मते पडली. (आपले शंकरराव देव २०२ मतांवर राहिले, हे महाराष्ट्रात फारसे कुणी सांगत नाही.) तरीही सप्टेंबरातील नाशिक अधिवेशनात नेहरूंच्या धोरणाचे ठराव मंजूर झाले आणि २ ऑक्टोबरला इंदूरमध्ये पटेलांनी जवाहरलाल हेच आपले नेते, बापूंनीच त्यांना वारस नेमले आहे, असे जाहीरपणे सांगितले.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत पटेल गेले. पुढच्या सप्टेंबरात टंडनांनी राजीनामा दिला आणि पक्षाचे अध्यक्षपदही नेहरूंकडे आले. अजमेरच्या वेळी लिहिले गेले तसे टिपण पंतप्रधानासमोर ठेवू शकेल, असा तोलामोलाचा मंत्री त्यानंतरच्या त्यांच्या मंत्रिमंडळात मला दिसत नाही.