छपरावरच्या सौरऊर्जेला करसवलत: टक्का नंतर, कर कोणता ते आधी

छपरावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले की हाती पहिला कागद येतो तो कोटेशनचा, आणि त्यावर सर्वांत ठळक छापलेली असते ती सरकारी सवलत वजा जाता उरणारी रक्कम. ही वजाबाकी बहुधा खरीच असते, पण ती कोणाच्या बाबतीत खरी आहे हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. सवलत प्राप्तिकरातून मिळणार, वस्तू-सेवांवरच्या करातून मिळणार की मालमत्ता कराच्या बिलातून, हे कळल्याशिवाय नुसत्या टक्क्याला फारसा अर्थ नाही. टक्का तोच राहिला तरी कर बदलला की लाभ घेणारा माणूस बदलतो. अशी कोटेशने वाचून हिशेब मांडून देण्याचा मला नाद असल्यामुळे, माझ्या मते महत्त्वाचे असलेले मुद्दे येथे लिहून ठेवत आहे.

प्राप्तिकरातली सवलत दोन तऱ्हांनी दिली जाते. एका तऱ्हेत पॅनेलवरचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतो, तर दुसरीत खर्चाचा ठरावीक हिस्सा थेट भरायच्या करातून वजा होतो. समजा खर्च १०० आहे आणि पूर्ण खर्चाची वजावट मिळते. मग ज्याच्या उत्पन्नाचा वरचा भाग ३० टक्क्यांच्या टप्प्यात जातो त्याचे ३० वाचतात आणि ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे केवळ ५, म्हणजे पॅनेल तेच, छप्पर तेवढेच, पण सरकारची मदत श्रीमंताला सहापट. दुसऱ्या तऱ्हेत, करातूनच ३० टक्के सूट असेल, तर दोघांचेही ३० वाचायला हवेत. वाचायला हवेत एवढेच म्हणता येते, कारण अशी सूट बहुधा देय करापुरतीच मर्यादित असते. ज्याचा वर्षाचा एकूण करच १२ आहे त्याला त्या वर्षी १२ मिळतात. उरलेले १८ पुढच्या वर्षी ओढता येतील की बुडतील, हे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. निवृत्तीनंतर बचतीवर जगणाऱ्या आणि कर लागूच न होणाऱ्या माणसाच्या पदरात तर काहीच पडत नाही.

हा केवळ कागदी युक्तिवाद नाही. अमेरिकेत २००६ पासून घरमालकांना सौरऊर्जेच्या खर्चावर देय करातून ३० टक्के सूट मिळू लागली. सुरुवातीला तिला २,००० डॉलरची कमाल मर्यादा होती, ती २००९ पासून उठली. सूट न वापरली गेल्यास पुढच्या वर्षी ओढता येत असे, परंतु रोख परत मिळत नसे. सेव्हरिन बोरेनस्टीन आणि लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ नंतरची विवरणपत्रे तपासली, तेव्हा सौरऊर्जा, घराची ऊर्जाबचत आणि विजेवरच्या गाड्या अशा सर्व हरित करसवलती मिळून खालच्या ६० टक्के उत्पन्नगटाला सुमारे १० टक्के रक्कम आणि वरच्या २० टक्क्यांना सुमारे ६० टक्के रक्कम गेल्याचे दिसले. स्वतःचे छप्परच नसलेला भाडेकरू या हिशेबात कुठे येतो, हे वेगळे सांगायला नको.

इटलीचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे घराच्या दुरुस्ती-सुधारणांवरच्या सवलतीत सौर पॅनेल धरले जातात आणि अनेक वर्षे ही सवलत ५० टक्के होती. ऐकायला ती अमेरिकेच्या ३० टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठी वाटते, परंतु ती दहा समान वार्षिक हप्त्यांत मिळते आणि एखाद्या वर्षी कर कमी पडला तर त्या वर्षीचा उरलेला हप्ता बुडतो. १०० खर्चावर दरवर्षी ५ प्रमाणे दहा वर्षे येणाऱ्या रकमेची आजची किंमत ७ टक्के व्याजाने काढली तर ती ३५ च्या आसपास भरते. एकाच्या ५० टक्क्यांत आणि दुसऱ्याच्या ३० टक्क्यांत खरे अंतर एवढेच उरते.

मला सर्वांत पटलेली रचना जर्मनीची आहे, आणि ती त्यांना पहिल्याच फटक्यात साधलेली नाही. २००० च्या कायद्याने छपरावरून ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, दिलेल्या विजेला वीस वर्षांचा ठरलेला दर मिळू लागला, त्यामुळे पॅनेल झपाट्याने वाढली. पण वीज विकणारा घरमालक करखात्याच्या लेखी व्यावसायिक ठरला. पॅनेलच्या खरेदीवर भरलेला १९ टक्के मूल्यवर्धित कर परत हवा असेल तर त्याने या कराखाली नोंदणी करायची, विवरणपत्रे भरायची, विकलेल्याच नव्हे तर स्वतःच्या घरात वापरलेल्या विजेवरही कर द्यायचा, आणि एकदा हा पर्याय निवडला की पाच वर्षे त्यातून सुटका नाही. शिवाय विजेतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा प्राप्तिकरासाठी नफा-तोटा वेगळा मांडायचा. एखाद्या शाळामास्तराने छपरावर पॅनेल बसवली म्हणून त्याला दुकानदाराचे सगळे सोपस्कार करावे लागत होते. १ जानेवारी २०२३ पासून घरावरच्या ३० किलोवॅटपर्यंतच्या संचावरचा मूल्यवर्धित कर शून्य झाला आणि त्याच आकाराच्या संचातून मिळणारे उत्पन्न २०२२ या करवर्षापासूनच प्राप्तिकरातून मुक्त केले गेले. सवलत बिलातच मिळते, अर्ज नाही, परतावा नाही, आणि घेणारा किती कर भरतो याची चौकशीही नाही.

ब्रिटनमध्येही १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत सौरसंचावरच्या मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, मात्र संच बसवून देणाऱ्याकडूनच घेतला तर. स्वतः पॅनेल विकत आणून बसवणाऱ्याला नेहमीचा २० टक्के कर द्यावा लागतो. सुरक्षिततेचे कारण त्यामागे असू शकते, परंतु हाताने काम करणाऱ्यालाच जास्त कर लावण्यात काही तरी उफराटे आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

भारताने घरगुती ग्राहकासाठी मुख्यतः थेट अनुदानाचा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदान संच सुरू झाल्यावर बँक खात्यात जमा होते. पॅनेल मात्र देशी बनावटीचीच हवीत. अनुदान प्राप्तिकराशी जोडलेले नसल्यामुळे कर न भरणाऱ्यालाही ते पूर्ण मिळते, हा त्याचा मोठा गुण. कराची सवलत येते ती जीएसटीच्या वाटेने, आणि तेथे वाचकाची गफलत होण्याजोगी एक जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून कोटेशन ७ टक्क्यांनी उतरले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, साहित्य आणि बसवण्याचे काम एकत्र दिले की किमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो, व सेवेवर १८ टक्के दर कायम आहे. म्हणजे १०० रुपयांच्या कामावर पूर्वी ८.४० आणि ५.४० मिळून १३.८० रुपये कर होता, आता ३.५० आणि ५.४० मिळून ८.९० रुपये आहे. कमी झाले ते ४.९० रुपये. कोटेशनमध्ये कर एकाच ओळीत ठोक लिहिलेला असेल तर ही फोड मागून घ्यावी.

अप्रत्यक्ष कर कमी करण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: बसवून देणारा मूळ किंमतच वाढवून सवलत स्वतःच्या खिशात घालील. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो प्राप्तिकराच्या सवलतीलाही तितकाच लागू पडतो; ‘सरकारकडून ३० टक्के परत मिळणारच आहेत’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी आले की भाव करण्याचा ग्राहकाचा हात आपोआप ढिला पडतो. दोन्ही बाबतींत उपाय एकच, चार ठिकाणांहून दर मागवणे.

सवलतीच्या रकमेइतकीच तिची मुदत महत्त्वाची असते. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती सौरसंचांना, म्हणजे त्या काळी मुख्यतः पाणी तापवणाऱ्या संचांना, करात सूट दिली आणि १९८५ अखेर ती संपू दिली. त्यानंतर त्या धंद्यातल्या कितीतरी कंपन्या बंद पडल्या आणि बसवलेल्या संचांना दुरुस्तीसाठी माणूस मिळेना. अलीकडची हकिकतही फार निराळी नाही. २०२२ च्या कायद्याने ३० टक्के सूट २०३२ पर्यंत चालेल असे सांगितले होते. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद केली. त्यातही खर्च कधी झाला हे पैसे कधी दिले यावरून नव्हे, तर संच बसवून पूर्ण कधी झाला यावरून ठरते. त्यामुळे डिसेंबरात पूर्ण रक्कम भरूनही काम जानेवारीत संपले तर सूट हातची गेली.

म्हणून मी हिशेब करताना आधी सवलत शून्य धरतो आणि घरात वापरली जाणारी वीज व ग्रिडला जाणारी वीज वेगळी मांडतो. ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर हा करसवलतीपेक्षा मोठा घटक ठरू शकतो: कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी हा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटला, तेव्हा ३० टक्के सूट जशीच्या तशी असूनही खर्च वसूल व्हायला लागणारी वर्षे वाढली. त्यानंतर सवलत हिशेबात मिळवतो, पण ती ज्या वर्षी हातात पडणार त्या वर्षी. सवलतीच्या रकमेएवढे कर्ज मधल्या काळासाठी काढावे लागत असेल तर त्याचे व्याजही त्याच कागदावर लिहितो. आणि करारावर सही करण्यापूर्वी एक कलम लेखी मागतो: ठरलेल्या तारखेपर्यंत संच सुरू झाला नाही आणि त्यामुळे सवलत बुडाली, तर ती भरपाई कोणी करायची.