मागनं पहिला कोण आला?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या असा शाळेचा मेसेज आला, आणि लिहायला बसलो तर दुसरं काही सुचेचना, सुभेदार सरच डोळ्यासमोर. शिक्षक सगळेच चांगले होते, गणिताच्या बाईंनी तर मला हाताला धरून दहावी पार केली, खरं त्यांच्यावर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहितो.

सर मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर होऊन आपल्याकडं पीटीला आले हे सगळ्यांना माहीत आहे. बेळगावात माजी सैनिक गल्लोगल्ली मिळतील, खरं शाळेच्या मैदानावर लांबट बॉल घेऊन येणारे आमचेच सर. सैन्यात असताना रग्बी खेळलेले. त्यांनी बॉल जमिनीवर आपटून दाखवला आणि तो उजवीकडं उसळेल म्हणून पोरं धावली तर डावीकडं गेला. पुढं पळायचं आणि बॉल हातानं द्यायचा तो फक्त मागं, हे ऐकून तर निम्मी पोरं क्रिकेटकडं निघून गेली.

मी तेव्हा खानापूर तालुक्यातनं, जांबोटीकडच्या खेड्यातनं हॉस्टेलला आलेलो. अंगानं थोराड, बोलणं कमी, शहरातल्या पोरांत मिसळायला जमायचं नाही. सुट्टीत टीम पाडताना माझं नाव कोणी घ्यायचंच नाही, मी आपला कंपाऊंडला टेकून उभा. सरांनी माझे खांदे दाबून बघितले आणि विचारलं, "तालमीत जायचास काय रे?" म्हटलं होय. "पट काढता येतो?" येतो म्हटलं. "मग टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, अर्धं आलंय तुला. फक्त डोकं कुठं ठेवायचं ते शिकवतो." आणि तिथंच गुडघ्यावर बसले, मला अंगावर पळत यायला सांगितलं. समोरच्याच्या मांड्यांना मिठी, खांदा आत, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, आणि डोकं कधीही त्याच्या पुढ्यात नाही, कडेला किंवा मागं, नाहीतर मान जाईल. शाळेत आल्यापासनं मला येतं असं काहीतरी कोणी विचारलं ते त्या दिवशी.

पंधरा जणांची टीम करण्याएवढी पोरं नव्हती म्हणून सरांनी सेव्हन्स चालू केलं, सात जण, सात सात मिनिटांचे दोन हाफ. चौदा मिनिटं म्हणजे काय असं वाटतं ना, पूर्ण मैदान सात जणांनी सांभाळायचं म्हणजे जीव जातो. यात सगळ्या अंगाची पोरं लागतात. शहापूरचा एक किडकिडीत पोरगा होता तो विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, वाऱ्यासारखा पळायचा. आम्ही जाडे तिघं स्क्रममध्ये, म्हणजे एकमेकांना धरून समोरच्या तिघांना खांद्यानं रेटायला. बैलहोंगलकडचा कन्नड मीडियमचा एक होता, तो बॉल आला की "हिडी हिडी", म्हणजे धर धर, ओरडायचा, मग आम्हीपण सगळे तेच ओरडायला लागलो. उर्दू मीडियमचे दोघं होते. बाहेर सीमाप्रश्नावरनं बंद असो, तणाव असो, पाट्यांवरनं भांडणं असोत, सकाळी सहाला आमची प्रॅक्टिस व्हायचीच, आणि मैदानावर कोण कुठल्या मीडियमचा हे कधी कोणाच्या डोक्यातपण यायचं नाही. मला मित्र मिळाले ते तिथं.

आता रोलरचं सांगतो. स्क्रमच्या सरावाला मशीन वगैरे आपल्याकडं कुठलं. मैदानाच्या कोपऱ्यात क्रिकेटच्या पिचचा जुना दगडी रोलर आहे बघा, तो सरांनी आम्हा तिघांना ढकलायला लावला. पावसाळ्याचे दिवस, तांबडी माती नुसती चिकट झालेली, पाय घसरायचे, खांद्याची सालटी निघाली आणि रोलर जागचा हलेना. सर छत्री मिटून पावसात उभे. म्हणाले, "तिघं तीन वेळेला ढकलताय. एकदाच ढकला." मग माझ्याकडं बघून, "तू मधला ना, हुकर? तू बोलल्याशिवाय कोण हलणार नाही." मी काहीतरी पुटपुटलो. कोणी हललं नाही. सर काही बोलले नाहीत, रागावलेपण नाहीत, नुसते थांबले. पाऊस चालू. शेवटी गावात भाताचं पोतं उचलताना आमचे आजोबा द्यायचे तसली आरोळी पोटातनं आली, तिघांचे पाय एकदम रुतले आणि रोलर वीतभर पुढं गेला. सर म्हणाले, "परत." बस, एवढंच. त्या आठवड्यात फळ्यावर टीमची यादी लागली त्यात माझ्या नावापुढं कॅप्टन लिहिलेलं.

प्रॅक्टिस संपली की सर बेळगावी चिरमुऱ्याचा पुडा सोडायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. ट्राय कोणी मारली, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडं बॉल कोणी टेकवला, हे नाही, त्याचे पाच पॉइंट सगळ्यांना दिसतात म्हणायचे. "हा पडला तेव्हा मागनं पहिला कोण आला?" रग्बीत टॅकल होऊन पडलं की बॉल सोडावाच लागतो, मग मागनं येणारा आपला गडी वर उभा राहून तो राखतो, तो आला नाही तर बॉल गेला. जो पहिला आला त्याला पहिली मूठ. मग आम्ही पडणाऱ्याकडं बघायला शिकलो.

रेफरीशी फक्त कॅप्टननं बोलायचं हेपण त्यांनीच अंगात भिनवलं. कोल्हापूरला एका मॅचमध्ये आमच्या विंगवाल्याला मानेवर टॅकल बसला, सगळी पोरं चवताळून रेफरीकडं निघाली, मी हात वर केला आणि सगळी थांबली. मी पुढं जाऊन "सर, टॅकल मानेला लागलाय" एवढंच बोललो. त्यांनी पेनल्टी दिली आणि तो पोरगा पिवळं कार्ड घेऊन दोन मिनिटं बाहेर. मॅच आम्ही हरलो, खरं परतीच्या एसटीत सरांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि निपाणीपर्यंत कलकत्ता कपाची गोष्ट सांगत होते, कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप केला आणि 1879 पासनं इंग्लंड-स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. 2016 ला रिओत फिजीनं ब्रिटनला 43-7 नं हरवून त्यांच्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड मिळवलं, तेपण सरांनीच आम्हाला सकाळी मोबाईलवर दाखवलं, थांबवून थांबवून, पळणाऱ्याच्या मागं कोण आहे ते बोट ठेवून.

डिप्लोमा करून मी आता उद्यमबागेत एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. माझ्यापेक्षा वयानं मोठी माणसं हाताखाली आहेत, काका म्हणतो मी त्यांना. पोअरिंग, म्हणजे साच्यात वितळलेला धातू ओतणं चालू असताना लॅडलच्या, त्या ओतायच्या भांड्याच्या, दांड्यावर एखाद्याचा हात थकला तर शेजारच्यानं न सांगता धरायला पाहिजे, तिथं आरडाओरडा करून चालत नाही. नवीन पोरगा आला की मी आधी हेच बघतो, तो शेजारच्याकडं बघतो की नुसतं आपल्याच साच्याकडं. माझ्या शिफ्टचं काम चांगलं आहे असं मालक चारचौघांत म्हणाले त्या संध्याकाळी मी थेट सरांच्या घरी कुंदा घेऊन गेलो.

गेल्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. मैदान निम्मं उरलंय, नवीन बिल्डिंग झाली, पार्किंग झालं, गरज असेल, खरं पोटात तुटलं. स्टोअरमध्ये आमचे बॉल हवा गेलेले पडलेत, पोरं साडेसहालाच ट्यूशनला. उरलंय तेवढ्या मैदानात टॅकल न करता टच रग्बी सहज होते, मुलींची टीमपण होऊ शकते, कोल्हापूरच्या पोरी खेळतात तर आपल्या का नाही?

आम्ही जुन्या पोरांनी मिळून नवे बॉल घेतलेत. दर रविवारी सकाळी मैदान द्यावं असा अर्ज हेडमास्तरांकडं दिलाय. सरांचा गुडघा दुखतो, तरी येतो म्हणालेत, आणि "माझ्यासाठी खुर्ची टाकायची नाही" असंही बजावून ठेवलंय.