खेळ मैदानावर शिकतात, मग विद्यापीठात काय शिकवतात?

विद्यापीठात माझा विषय क्रीडा व व्यायामविज्ञान होता हे कळल्यावर बहुतेक लोक प्रथम मी कोणता खेळ खेळते हे विचारतात, आणि त्यावर फारसे चमकदार उत्तर मिळाले नाही की मग खरा प्रश्न येतो : खेळ तर मैदानावर शिकतात, मग वर्गात बसून काही वर्षे शिकण्यासारखे त्यात आहे तरी काय? या प्रश्नात क्वचित थट्टा असते, पण बहुधा कुतूहलच असते. विचारणाऱ्यांत आपल्या मुलाला किंवा मुलीला हा विषय घेऊ द्यावा की नाही या विवंचनेत असलेले पालकही असतात. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

या अभ्यासक्रमात खेळायला शिकवत नाहीत. श्रम करणाऱ्या शरीरात काय घडते, ते मोजायचे कसे आणि जे मोजले त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे शिकवतात. त्यासाठी शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, यामिकी म्हणजे बल आणि गतीचे शास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र आणि संख्याशास्त्र असे एकमेकांशी फारसे न बोलणारे विषय एकाच वेळापत्रकात येतात. खेळाच्या ओढीने प्रवेश घेतलेले पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राच्या तासाला गोंधळून जातात. विश्वास किती ठेवायचा हा भाग सर्वांत कठीण आहे, आणि माझ्या मते या पदवीची खरी किंमत त्यातच आहे.

प्रयोगशाळेतील सर्वांत प्रसिद्ध चाचणीचेच उदाहरण घेऊ. आर्किबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला स्नायूंतील उष्णतानिर्मितीच्या संशोधनासाठी १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. त्याच काळात हिल आणि त्यांचे सहकारी माणसाच्या धावण्याचा अभ्यास करत होते. पाठीवर एक मोठी पिशवी बांधून, उच्छ्वासाची हवा तीत गोळा करत ते गवतावर फेऱ्या मारत असत, आणि त्या हवेच्या पृथक्करणावरून शरीराने किती ऑक्सिजन वापरला हे काढत. धावणाऱ्यांत हिल स्वतःही होते. वेग वाढवत नेला की ऑक्सिजनचा वापर वाढत जातो, पण एका मर्यादेनंतर वेग वाढला तरी वापर वाढत नाही, असे त्यांनी मांडले. ही कमाल मर्यादा म्हणजेच आज घड्याळे आणि मोबाइलसुद्धा सांगू लागलेली व्हीओ-टू मॅक्स. घड्याळ मात्र ती मोजत नाही. नाडीचे ठोके आणि वेग यांवरून तिचा अंदाज बांधते.

आजच्या प्रयोगशाळेत पिशवीऐवजी तोंडावर मुखवटा असतो, ट्रेडमिलचा वेग किंवा चढ ठरावीक वेळाने वाढवला जातो, आणि बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या टोचणीतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात लॅक्टेटचे, म्हणजे जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणाऱ्या आणि लॅक्टिक आम्ल या नावाने अधिक ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचे, प्रमाण पाहिले जाते. समोर एक फलक धरलेला असतो आणि श्रम किती वाटतात ते त्यावरील ६ ते २० या आकड्यांपैकी एकावर बोट ठेवून सांगायचे असते. ६ पासून सुरुवात का, असे प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ही श्रेणी अशी आखली की निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणले असता ढोबळमानाने त्याचे हृदयाचे ठोके मिळावेत. निरोगी पण व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषाची व्हीओ-टू मॅक्स शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ४० मिलिलिटरच्या आसपास असते. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंची ७० ते ८० किंवा त्याहूनही अधिक भरते.

आकडा हाती आला की खरा अभ्यास सुरू होतो. हा माणूस खरोखरच आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचला होता, की पाय भरून आल्यामुळे, मुखवट्यात कोंडल्यासारखे वाटल्यामुळे किंवा नुसत्या कंटाळ्याने थांबला? वापर वाढायचा थांबला हे आलेखावर दिसायला हवे, पण पुष्कळांच्या आलेखात तो सपाट भाग दिसतच नाही. मग हृदयाचे ठोके, लॅक्टेट, श्वासातील वायूंचे गुणोत्तर असे दुय्यम निकष लावले जातात, आणि त्या निकषांवरही वाद आहेत. ही मर्यादा कोण घालते, रक्त पुरवणारे हृदय, ते वापरणारे स्नायू की वेळीच आवर घालणारा मेंदू, हा वाद त्याहून मोठा आहे. मेंदूच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी जोरदार मांडणी केली, तिला तितकाच जोरदार विरोधही झाला. परीक्षेत यावर उत्तर लिहिताना कोणती बाजू घेतली याला गुण नसतात. त्या बाजूचा पुरावा कुठे तोकडा पडतो हे सांगण्याला असतात.

अभ्यासातला माझा सर्वांत आवडता प्रयोग १९६६ सालचा आहे. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसून एकेका पायाने पेडल मारले, म्हणजे दोघांचाही एक पाय दमला आणि दुसऱ्याला विश्रांती मिळाली. मग जाड सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे कण काढून त्यांतील ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेले कर्बोदक, मोजले. दमलेल्या पायातील साठा जवळजवळ संपला होता. पुढचे काही दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतल्यावर त्याच पायातील साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला, आणि विश्रांती घेतलेल्या पायात मात्र फारसा फरक पडला नाही. मॅरेथॉनच्या आधी कर्बोदके वाढवण्याच्या प्रथेचे मूळ या कामात आहे, पण मला भुरळ पडते ती प्रयोगाच्या रचनेची. दोन्ही पायांना एकच रक्त, एकच आहार, एकच संप्रेरके आणि एकच झोप मिळत होती. म्हणजे फरकाचे कारण दमलेल्या स्नायूतच असले पाहिजे. तुलनेसाठी वेगळा माणूस शोधण्याची गरजच त्यांनी ठेवली नाही. असा एखादा प्रयोग नीट समजला की पुढे कोणतीही पूरक पावडर ‘सिद्ध झालेली’ म्हणून समोर आली तरी पहिला प्रश्न आपोआप येतो : तुलना कोणाशी केली होती?

शिकण्याइतकेच काही गोष्टी मनातून काढून टाकण्याचे कामही इथे होते. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, हे जवळजवळ प्रत्येक व्यायामशाळेत ऐकू येते. प्रत्यक्षात श्रम थांबल्यावर लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीला येते, दुखणे मात्र एक ते तीन दिवसांत टोकाला जाते. शिवाय उतारावरून धावल्यावर, जिथे लॅक्टेट तुलनेने कमी वाढते, तिथेच दुखणे जास्त असते. लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ नसून हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचे सूत्रही तसेच. १९७० च्या सुमारास आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांतील आकड्यांवरून ती एक सोयीची रेषा ओढली गेली, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांचे कमाल ठोके त्या रेषेपासून १०-१२ ने सहज इकडेतिकडे असू शकतात. तरीही ते सूत्र यंत्रांवर छापलेले आहे आणि बहुधा राहणारही आहे, कारण त्याइतके पाठ करायला सोपे दुसरे काही नाही.

हालचालींचे यामिकीय विश्लेषण हा तुलनेने कोरडा भाग असला तरी त्यालाही आपली मजा आहे. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी याने पाठीवर आडवे होत २.२४ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक जिंकले. आडव्या दांडीवरून शरीर कमानीसारखे वाकलेले असताना त्याचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो, हे कागदावर मांडून पाहिल्यावर त्या शैलीने जुन्या शैलींना का हटवले ते कळते. जमिनीत बसवलेल्या बलमापक पाटीवरून धावले की प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढे बल लागते हे पडद्यावर दिसते. मानसशास्त्राची सुरुवात तर १८९८ इतकी मागे जाते : एकटे असताना सायकलस्वार जितक्या वेगाने जातात त्याहून सोबत कोणी असताना वेगाने का जातात, या प्रश्नावर नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांकडून मासेमारीच्या गळाची चक्रे फिरवून घेतली होती.

लोक विषयाच्या नावातील पहिला शब्द ऐकतात आणि दुसरा विसरतात. खेळापेक्षा व्यायामाची बाजू मोठी आहे, कारण खेळाडू थोडे असतात आणि शरीर प्रत्येकाला असते. लंडनमधील दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत आणि वाहक जिने चढत-उतरत असत. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले की वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते. इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पुढची वर्गात कळते. १९५६ साली याच गटाने बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या कंबरेचा घेर तरुण वयातच वाहकांपेक्षा मोठा आढळला. म्हणजे व्यायामाने वाहक निरोगी राहिले, की मुळातच सडपातळ माणसे वाहक झाली? स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला सर्वांत अडचणीचा प्रश्न मॉरिस यांच्या गटानेच विचारला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुढची कित्येक वर्षे इतर व्यवसायांतील माणसांचा अभ्यास केला. १९६६ साली डॅलसमध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयाने त्यांची श्रमक्षमता जितकी घटली होती, त्याहून त्या तीन आठवड्यांनी ती जास्त घटवली होती असे दिसले. रुग्णाला शक्य तितक्या लवकर हालते करण्यामागे जो विचार आहे, त्याला अशा अभ्यासांनी बळ दिले.

मात्र ते पाच जण होते, आणि पाचही पुरुष. या शास्त्राची ही जुनी दुखरी जागा आहे. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत १९२८ च्या ऑलिंपिकनंतर बंद झाली ती १९६० पर्यंत, आणि त्यांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. प्रयोगशाळाही फार पुढे नव्हत्या. मासिक पाळीमुळे मोजमापे गुंतागुंतीची होतात या सबबीखाली स्त्रियांना प्रयोगांतून वगळले गेले आणि पुरुषांवर मिळालेले निष्कर्ष सर्वांना लावले गेले. पाळीने मोजमापे बदलत असतील, तर ते स्त्रियांना घेण्याचे कारण आहे, वगळण्याचे नव्हे, असे मला वाटते. सरासरीचाही असाच धोका असतो. अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या कौटुंबिक अभ्यासात शेकडो लोकांना वीस आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला होता. सरासरी सुधारणा चांगली होती, पण काहींची क्षमता जवळजवळ जागची हलली नाही आणि काहींची सरासरीच्या दुपटीहून अधिक वाढली. एखाद्या शिष्याची प्रगती होत नाही ती आळसामुळेच, असे ठामपणे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाने हा आलेख एकदा पाहावा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळते. यासाठी उत्तम खेळाडू असावे लागते का? नाही. खेळलेल्या माणसाला खेळाडूशी बोलणे सोपे जाते हे खरे, पण ‘माझ्या बाबतीत तर हे लागू पडले’ हा अनुभव पुराव्याच्या आड येतो तेव्हा त्याच माणसाला शिकणे अवघड जाते. जीवशास्त्राची गोडी आणि आकड्यांची भीती नसणे या दोन गोष्टी शंभर मीटरच्या वेळेपेक्षा अधिक उपयोगी पडतात. नोकरीच्या बाबतीत मी आशा फुगवत नाही. नामांकित संघाबरोबर काम करायला मिळेल या अपेक्षेने बरेच जण येतात. तशा जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ, करार अल्प मुदतीचे, आणि काम बहुतांशी संगणकासमोर खेळाडूंच्या नोंदी तपासण्याचे असते. हृदयरुग्णांचे पुनर्वसन, मधुमेही आणि वृद्धांसाठी व्यायामयोजना, शाळांतील अध्यापन, आरोग्यसेवा आणि संशोधन या वाटा अधिक रुंद आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींसाठी पुढे आणखी शिकावे लागते. ही पदवी म्हणजे डॉक्टरकी नव्हे आणि फिजिओथेरपीही नव्हे. फिजिओथेरपी हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विभागाच्या माहितीपत्रकावरील धावपटूचे छायाचित्र बाजूला ठेवून वेळापत्रक मागावे. प्रयोगशाळेचे तास आठवड्याला किती आहेत, यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती देतात की नुसती दाखवतात, संख्याशास्त्र एकाच सत्रात उरकतात की शेवटपर्यंत शिकवतात, रुग्णालयात किंवा संघाबरोबर प्रत्यक्ष कामाची सोय आहे का आणि मागच्या तुकड्यांतील विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचारावे. आणि या पदवीच्या जोरावर पुढे फिजिओथेरपीचा परवाना मिळेल असे कोणी तोंडी सांगत असेल, तर ते लेखी मागावे.