हरवलं होतं कुणासाठी?

आज दुपारी बाबांसोबत १९५४ चा 'सीक्रेट ऑफ द इंकाज' पाहिला. चार्ल्टन हेस्टन, डोक्यावर हॅट, अंगात चामड्याचं जाकीट, आणि मागे खरंखुरं माचू पिचू, पेरूच्या डोंगरांतलं इंकांचं जुनं शहर! गायिका इमा सुमाकच्या आवाजाने तर अंगावर काटाच आला. बाबांचं लक्ष मात्र भिंतींकडे. "चुना नाही, काही नाही, तरी सांधे बघ कसे बसलेत."

पण माचू पिचूला 'हरवलेलं शहर' म्हटलं की मला खटकतं. १९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम तिथे पोहोचला, तेव्हा इंकांच्या त्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत स्थानिक क्वेचुआ कुटुंबं पिकं घेत होती. अवशेषांपर्यंत त्याला नेलं ते तिथल्याच एका लहान मुलाने. सिनेमांतला नायक मात्र बहुतेक वेळा बाहेरूनच येतो. त्या मुलाच्या डोळ्यांनी सुरू होणारा सिनेमा मला बघायचाय.