मैदान नाल्यापलीकडे जाताना

भांडुप पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या अंगाला आमची सोसायटी. मागे एक बंद पडलेला कारखाना आहे. शेडचे पत्रे कधीच गेले, कंपाउंडची भिंत तेवढी उभी. त्या जागेवर डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. अर्थात फक्त कागदावर. जमीन मालकाची, फाटकाला कुलूपही मालकाचंच. मुंबईत हे इतकं सर्रास आहे की कुणी त्याकडे लक्षही देत नाही.

मग एक दिवस पेपरात जाहीर सूचना आली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ (१). बारीक टायपात दोन सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतले जमिनीचे क्रमांक, आणि खाली श्वास न घेता वाचावं लागेल असं एक वाक्य. अर्थ एवढाच: कारखान्याच्या जागेवरचं मैदान वगळून ती जागा निवासी क्षेत्रात घालायची, आणि त्याच मालकाची नाल्यापलीकडची जागा औद्योगिक क्षेत्रातून काढून तिथे मैदानाचं आरक्षण टाकायचं. हरकती व सूचना एका महिन्याच्या आत, लेखी.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच धुरळा उडाला. ‘सेटिंग झालंय’, ‘नगरसेवकाला धरा’. पण नगरसेवक होते कुठे? ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली होती आणि महापालिका प्रशासकाच्या हातात होती. एरवी असा प्रस्ताव सुधार समितीपुढे येतो, मग सभागृहापुढे. तिथे निदान आरडाओरडा तरी होतो. त्या काळात समितीचे आणि सभागृहाचे अधिकार आयुक्तांकडेच होते. तेव्हा मोर्चा न्यायचा तर कुणाच्या दारात, हा खरा प्रश्न होता.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, निवृत्त सर्व्हेअर. ते म्हणाले, ‘आधी कागद काढा, मग भांडा.’ दोन्ही जागांचे डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याचे दाखले, ऑनलाइन निघाले, मालकीची नोंद असलेली प्रॉपर्टी कार्डंही मिळाली. रिमार्कवर आमच्या मागच्या जागेपुढे ‘आरओएस १.४’ असं लिहिलेलं. हा मैदानाचा कोड. आम्ही इतकी वर्षं ‘ते ग्राउंड होणारे ना, ते’ म्हणत होतो, त्याची सरकारी ओळख एवढीच.

काकांकडूनच कळलं की यात शेवटचा शब्द महापालिकेचा नसतो. महापालिका प्रस्ताव मांडते, हरकती मागवते, सुनावणी घेते आणि सगळं राज्य सरकारकडे पाठवते. मंजूर करायचं, बदल करून मंजूर करायचं की नाकारायचं, हे नगरविकास विभाग ठरवतो, तेही नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन, आणि संचालकांचं कार्यालय पुण्यात. म्हणजे भांडुपच्या मैदानाची फाइल फोर्ट, मंत्रालय आणि पुणे अशी फिरणार. कायद्याची अट एकच मोठी: फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. मैदानाच्या बदल्यात मैदान दिलं जात असेल तर स्वरूप बदललं असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. मालकाच्या आर्किटेक्टला हे आमच्या आधी माहीत होतं, उघड आहे.

मग आम्ही नाल्यापलीकडची जागा बघायला गेलो. काकांनी टेप आणलेला. नकाशावर तिथे जायला १३.४० मीटरचा डीपी रोड आहे, छान सरळ रेघ. प्रत्यक्षात एक बोळ. एका बाजूला भंगारवाला, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी, मध्ये कुणाची तरी लावून ठेवलेली रिक्षा. टेप लावला तर सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम टेम्पो जाईल एवढी रुंदी. आणि जागेची एक अख्खी बाजू नाल्याला लागून. नाल्यालगत नियमाने मोकळी सोडायची पट्टी त्या क्षेत्रफळात धरलेली दिसत होती. कागदावर दोन्ही जागा जवळपास सारख्या, पण पट्टी वजा केली तर मैदान बरंच आक्रसत होतं. काका पट्टीच्या कडेने चालत गेले, वहीत आकडे टाकले आणि म्हणाले, ‘आपली हरकत इथे आहे.’

सोसायटीच्या सभेत मात्र दोन तट पडले. निम्म्यांचं म्हणणं, बदल नकोच, मैदान आहे तिथेच पाहिजे. मलाही मनातून तेच हवं होतं. खिडकीतून दिसणारी जागा कोण सोडेल? पण काकांनी कलम १२७ काढलं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर महापालिकेला चोवीस महिने मिळतात. पूर्वी सहाच मिळायचे, मग बारा झाले. तेवढ्यात संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप रद्द. सध्याचा आराखडा, २०३४ चा, १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. म्हणजे २०२८ चा सप्टेंबर उजाडला की मालकाच्या हातात हे हत्यार येणार. एलबीएस मार्गालगतची जमीन भूसंपादनाच्या दराने घ्यायची तर किती कोटी लागतील, हे हिशेब न करताही कळतं. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेऊन जागा द्यायला मालक तयार असता तर ती केव्हाच दिली असती. आडमुठेपणा केला तर इथलंही जाईल आणि तिथलंही मिळणार नाही, असा तो पेच होता.

त्या रात्री सभा लांबली, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की पत्राची पहिली ओळ हरकतीचीच असेल, मैदान मूळ जागी राहावं म्हणून. पण त्याखाली ‘तरीही फेरबदल करायचाच असेल तर’ असं म्हणून अटी घालायच्या. नाल्याची पट्टी क्षेत्रफळात धरू नये. डीपी रोड पूर्ण रुंदीने आधी करून द्यावा. आणि मागच्या प्लॉटवर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, देण्याआधी मैदान सपाट करून महापालिकेच्या ताब्यात द्यावं. माझ्या मूळ मसुद्यात मुलांच्या बालपणाबद्दल एक परिच्छेद होता, तो काकांनी लाल पेनाने अख्खा उडवला. त्याऐवजी टेपचे आकडे, तारखेचे फोटो आणि डीपी शीटची प्रत.

सुनावणीचं पत्र आलं ते महापालिका मुख्यालयाच्या विस्तारित इमारतीतलं. लेखी दिलं असेल त्यालाच बोलता येतं, त्यामुळे ग्रुपवर गर्जणारे बरेच जण तिथे नव्हतेच. आत मोठं टेबल, त्यावर पसरलेली शीट, मालकाकडून आर्किटेक्ट. अधिकारी शांत होते. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘तुमचा विरोध आहे की अटी आहेत?’ काका म्हणाले, ‘साहेब, दोन्ही. विरोध नोंदवून घ्या आणि अटी वाचा.’ साहेब हसले. मग स्केल उचलून त्यांनी शीटवर नाल्याची कड मोजली, आर्किटेक्टकडे बघितलं आणि पट्टी धरून क्षेत्रफळ काढलंय का, एवढंच विचारलं. आर्किटेक्टने दुसरा नकाशा काढायला बॅग उघडली, तेव्हा मला वाटलं की आता काहीतरी होईल. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं.

नंतरचा काळ कंटाळवाणा. फाइल मंत्रालयात गेली, बाकी सामसूम. माहिती अधिकारात सुनावणीचा अहवाल मागवला. त्यात आमची सगळी भांडणं एका तक्त्यात बसवलेली, एका रकान्यात हरकतीचा गोषवारा, दुसऱ्यात अभिप्राय. मूळ जागेबद्दलच्या हरकतीपुढे ‘मान्य करता येत नाही’. पट्टीपुढे आणि रस्त्यापुढे ‘तथ्य आहे’. हे दोन शब्द वाचून काकांनी पेढे आणले. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

राजपत्रात अधिसूचना आली ती बदलांसह मंजुरीची. मागची जागा निवासी झाली. नाल्याची पट्टी मैदानाच्या क्षेत्रफळातून वगळली, तेवढी जागा मालकाने शेजारच्या तुकड्यातून भरून द्यायची. रस्ता मालकानेच करायचा. फक्त ताब्याची अट आम्ही सीसीला मागितली होती, ती ओसीला, म्हणजे इमारत झाल्यावरच्या भोगवटा प्रमाणपत्राला, लागली. म्हणजे इमारत उभी राहणार, लोक फ्लॅट बुक करणार, आणि मैदान सगळ्यात शेवटी. ही सूट का दिली, याचं कारण अधिसूचनेत नाही.

सध्या मागे पायलिंग चालू आहे, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. बोळातला भंगारवाला अजून तिथेच आहे. मी आणि काका आलटूनपालटून मागच्या इमारतीच्या प्रस्तावाची फाइल ऑनलाइन बघतो, पार्ट ओसीचा, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरत्या ओसीचा, अर्ज पडलाय का म्हणून. अट ‘ओसीपूर्वी’ अशी आहे, पार्ट ओसीबद्दल त्यात काहीच नाही. काकांनी त्याचं पत्र आधीच टाईप करून ठेवलंय. आणि ताबा पावती झाली तरी प्रॉपर्टी कार्डावर महापालिकेचं नाव चढेपर्यंत सिटी सर्व्हे ऑफिसच्या खेपा आहेतच.