सव्वा, अडीच, साडेसाती

सव्वा हा आकडा मला आजवर फक्त सत्यनारायणातच भेटला होता. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. त्यामुळे सोलापुरातल्या नवी पेठेत खेळाच्या सामानाच्या दुकानात मालकाने काउंटरवर डंबेलची एक काळी बिडाची चकती ठेवली आणि म्हणाला, "ह्या सव्वाच्या चार घ्या, अडीचच्या चार घ्या, बाकीचं नंतर बघू," तेव्हा क्षणभर हात जोडावेसे वाटले.

दुकानापर्यंत मला डॉक्टरांनी पोचवलं. साखर काठावर आली होती. मी रोज पार्क मैदानाला चार फेऱ्या मारतो हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ते माझ्या दंडाकडे बघत म्हणाले, "पाय चालतायत, ठीक. पण हे?" मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की तिशी उलटली की दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू आपोआप झिजतात, म्हणून आठवड्यातले निदान दोन दिवस वजनाचा व्यायाम हवाच. मी 47 वर्षांचा. मनातल्या मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो.

जिम नको होती. गल्लीच्या टोकाला एक आहे, पण तिथली पोरं आरशाशी बोलतात आणि मला 'काका' म्हणतात. बाबांचं म्हणणं, "तालमीत जा की." त्यांच्या काळी पोराने तालीम बघितली नाही तर त्याला पोरगी कोण देणार, अशी परिस्थिती. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं ते अजून नातेवाइकांसारखी घेतात. जोर, बैठका, मुद्गल. माझ्या वाट्याला त्या तालमींची फक्त गणपतीतली लेझीम आली, तीही प्रेक्षक म्हणून.

"व्यायामच करायचाय ना?" बायको म्हणाली. "मग पाण्याच्या दिवशी बादल्या आहेत की."

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली माणसं, भांडी आणि वेळापत्रक सगळं नळाच्या ताब्यात असतं. 15 लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, वर बादलीचं वजन वेगळं. आमचं पिंप गच्चीवर, दोन जिने चढून. खरं सांगायचं तर बायकोचा मुद्दा बिनतोड होता. कमी-जास्त करता येणारं वजन बादलीइतकं दुसरं कुठलं असणार? एक तांब्या ओतला की वाढलं, एक काढला की कमी झालं. पण बादली डोक्यावर दाबून धरता येत नाही. म्हणजे येते, एकदाच.

तर डंबेल. फिक्स वजनाच्या जोड्या घ्यायच्या म्हटलं तर पाच-सहा जोड्या लागणार. त्या ठेवायला एक खोली लागेल, आणि तेवढी खोली असती तर ती भाड्याने दिली असती. म्हणून अ‍ॅडजस्टेबल. इथून खरा गोंधळ सुरू झाला, कारण या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या जाती नांदतात.

पहिली जात मी जुळे सोलापुरात मित्राकडे बघितली. त्याने कपाटाजवळचा रुमाल उचलला, खाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दोन जाडजूड डंबेल बसलेले. "बघ बे," म्हणत त्याने टोकाची घुंडी फिरवली, कट्‌कट्‌ आवाज झाला, दांडी उचलली तर काही प्लेटा तिच्याबरोबर वर आल्या आणि उरलेल्या ट्रेमध्ये शिस्तीत उभ्या. परत ठेवली, परत घुंडी, आता वजन दुप्पट. मी लहान मुलासारखा चार वेळा फिरवून बघितलं. या जातीतला जो सगळ्यांना माहीत असलेला डंबेल आहे, तो सव्वादोन किलोपासून पावणेचोवीसपर्यंत पंधरा पायऱ्यांनी चढतो, आणि खालच्या पायऱ्या सव्वा किलोपेक्षाही थोड्या लहान. हे मान्य करायला हवं, की कल्पना देखणी आहे. पण पाच किलो लावले तरी डंबेलची लांबी तेवढीच. कोपर वाकवलं की दुसरं टोक दंडाला टेकतं. आणि तो जमिनीवर आपटायचा नाही, पोटात नाजूक यंत्र आहे. मित्र तो खाली ठेवताना बाळाला पाळण्यात निजवावं तसा ठेवत होता. शिवाय जून 2025 मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सने असेच सुमारे 38 लाख डंबेल परत मागवले, उचलताना प्लेट सुटून पडायची म्हणून. मी झोपून छातीवर डंबेल धरतो आणि वरून प्लेट सुटते, हे चित्र एकदा डोळ्यासमोर आलं ते गेलंच नाही. किंमत तर मी विचारली होती. पुन्हा सांगत नाही.

दुसरी जात स्वस्त. रंगीत प्लास्टिकच्या प्लेटा, आत सिमेंटसारखा भरणा, खोक्यावर '20 किलो' आणि एक पिळदार गोरा माणूस. मोहात पडलो आणि आणला. वीस म्हणजे दोन्ही हातांचे मिळून, हे घरी आल्यावर कळलं. आणि प्लेटा केवढाल्या! लोखंड त्या भरण्याच्या तिप्पट जड असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची सिमेंटची प्लेट तिप्पट जागा खाते. दांडीवर दोन-दोन चढवल्या की नट लावायला आटेच उरत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एक प्लेट फरशीवर कलंडली, कडेला चीर गेली आणि दर खेपेला त्यातून राखाडी पूड गळायला लागली. म्हणजे माझं वजन उतरण्याआधी डंबेलचं उतरायला लागलं. आईने ती पूड झाडून सुपलीत घेतली आणि काही न बोलता माझ्यासमोरून नेली.

म्हणून तिसरी जात, नवी पेठेतली. साधी लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना आटे, बिडाच्या प्लेटा, बाहेरून चांदणीच्या आकाराचा नट. नटाच्या आत रबराची चकती आहे का ते बघून घ्या. ती नसली तर हात वर-खाली होताना नट हळूहळू सैल होतो. मी प्रत्येक खेपेआधी दोन्ही नट चाचपतो, रात्री झोपताना गॅसचं बटण चाचपतात तसे. अजून एक. दांडीचं वजन कुणी धरत नाही. मी शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली. दांडी दोन किलो, दोन नटांचं मिळून अर्धा. म्हणजे रिकाम्या हातातच अडीच किलो. दुकानदाराने विचारलं, "काय भावाने देताय?"

आणि इथे सव्वाने दगा दिला.

दुकानात मला वाटलं होतं, सव्वाची प्लेट आहे म्हणजे वजन सव्वा-सव्वाने वाढणार. पण डंबेलला दोन टोकं असतात. एका बाजूला सव्वा घातली की दुसऱ्या बाजूलाही घालावीच लागते, नाहीतर तो डंबेल राहत नाही, हातोडा होतो. म्हणजे पायरी सव्वाची नाही, अडीचची. अडीच किलोची दांडी, दोन सव्वा लावल्या की पाच, त्या काढून दोन अडीच लावल्या की साडेसात. दहावरून साडेबारावर जाताना ही अडीच किलोची वाढ पंचवीस टक्के असते, माणूस कण्हत-कुथत जातो. पण पाचावरून साडेसातावर म्हणजे सरळ दीडपट. पाच किलोची पिशवी रोज आणणाऱ्याला उद्यापासून साडेसाताची आण म्हटलं तर तो निदान चहा तरी मागेल.

दंडाच्या व्यायामाला चाललं. पण हात सरळ बाजूला, खांद्याच्या रेषेत उचलायचे, तिथे मी साडेसातावर जो अडकलो तो महिनाभर. साडेसात हा आकडा मराठी माणसाने घ्यायलाच नको होता.

तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता आणि आमच्या भागात रात्री नंदीध्वजांचा सराव चालायचा. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या 68 लिंगांना तैलाभिषेकासाठी फिरतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी पेलत चालतात, हे लहानपणापासून बघत आलोय. पण सराव मी त्या वर्षी पहिल्यांदा नीट उभं राहून बघितला, कारण माझा खांदा दुखत होता. काठी सरळ उभी असते तोवर पेलणारा गडी निवांत, अगदी गप्पा मारण्याइतका. ती विताएवढी कलली की त्याच्या मानेच्या शिरा फुगतात आणि बाजूचे चौघे धावतात. काठी तीच, वजन तेच. माझ्या खांद्याचं कोडं तिथे सुटलं. डंबेल अंगाशी असतो तेव्हा तो पाच किलो असतो. हात लांब करून त्याच्या टोकाला गेला की खांद्याला तो कितीतरी जड होतो. तिथे अडीच किलोची उडी मारणं म्हणजे काठी मुद्दाम कलती करण्यासारखं.

मग मला हवी होती अर्धा किलोची चकती. दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे पायरी एक किलोची. दुकानात नव्हती. "अर्ध्या किलोनं काय होतंय ओ?" असं ऐकून बाहेर आलो.

पूर्व भागात मामांच्या ओळखीचे एक लेथवाले अण्णा आहेत. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागांचे सुटे भाग करण्यात गेलं. शेडमध्ये शिरताना एका कोपऱ्यात भंगारात गेलेल्या मागांची बिडाची वजनं रचलेली दिसली. जुन्या मागांवर बीमचं, म्हणजे रुळावर गुंडाळलेलं, सूत ताणून धरायला ही वजनं मागे लोंबत ठेवायची. ताण कमी पडला तर कापड ढिलं, जास्त झाला तर सूत तुटणार, म्हणून विणकर अंदाजाने एखादं चढवायचा, एखादं उतरवायचा. अण्णांना मी माझी अडचण सांगायला लागलो तर त्यांनी अर्ध्यातच हात वर केला.

"पाचावर सैल, साडेसातावर तुटतंय. असंच ना?"

एवढ्या नेमक्या शब्दांत डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी दांडीचा व्यास कॅलिपरने मोजला, कागदावर आकडे मांडले आणि दहा सेंटीमीटर रुंद लोखंडाचा गोल तुकडा लेथवर चढवला. पातळ निळसर झिलई आलेल्या किसाच्या कुरळ्या बटा खाली पडत होत्या. मधोमध भोक, कडा गुळगुळीत, जाडी जेमतेम 9 मिलिमीटर. अशा चार. काट्यावर पहिली चकती ठेवली, 505 ग्रॅम भरली.

"पाच ग्रॅम जास्त आहेत," मी म्हणालो.

"ते माझ्याकडून."

घरी आल्यावर त्या चकत्या लावल्या. पाचाचे सहा झाले. उडी दीडपट नाही, पाचावर एक. पहिल्या दिवशी दहा वेळा हात वर गेले. दोन आठवड्यांनी बारा. मग सहा नेहमीचे झाले आणि एके दिवशी धीर करून साडेसात लावले, तर ते वर गेले. शेवटचे दोन हलत-डुलत, पण गेले. मी आरशात बघितलं. काहीही फरक नव्हता.

इंग्रजीत डंबेल शब्दाचा मूळ अर्थ मुकी घंटा. घंटा वाजवायचा सराव बिनआवाजी करायचा, त्यावरून आलेला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं आहे. त्या सकाळी साडेसहाला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, काल आमच्या देव्हाऱ्यातली समई हालली." तेव्हापासून मी लग्नात आलेली एक सोलापुरी चादर चौघडी करून खाली अंथरतो. लग्नात एकूण एकोणीस आल्या होत्या, त्यातली एक अशी मार्गी लागली. जाड, घट्ट विणीची, मधोमध मोर. रोज दोन्ही डंबेल त्या मोरावर उतरतात. त्याने अजून तक्रार केलेली नाही.

बाबा खुर्चीत बसून बघतात. एकदा त्यांनी खुणेने डंबेल मागितला, मी भीत-भीत अडीचची नुसती दांडी दिली. त्यांनी ती हातात घेतली, तोलली, डावीकडून उजवीकडे एकदा मुद्गलासारखी खांद्यामागून फिरवली, आणि "ठीक आहे" म्हणून परत दिली. ते 76 वर्षांचे आहेत. त्यानंतर त्यांनी तालमीचं नाव काढलेलं नाही. मला वाटतं, त्यांनी मला माझ्या लायकीप्रमाणे माफ केलं असावं.

एप्रिलमध्ये आईचं वाळवण सुरू झालं. आमच्या गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही, पण कुरडयांना तेच लागतं. आणि वारा सुटला की खालचं अंथरलेलं लुगडं उलटून सगळा चीक मातीत. दरवर्षी आई चार कोपऱ्यांवर विटा ठेवते. यंदा मी संध्याकाळी मोरावर उभा राहिलो तर दोन्ही डंबेल पाचांचे. सहाचे होते, मी स्वतः लावलेले. पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं.

"विटांची माती लागते कुरडयांना," आतून आई म्हणाली. "तुझ्या त्या चार चांगल्या होत्या. चपट्या आहेत, हालत नाहीत. फडकं गुंडाळून ठेवल्यात."

वर गेलो. ऊन उतरलं होतं, कुरडया वरून कोरड्या, आतून ओल्या. लुगड्याच्या चारही कोपऱ्यांवर अण्णांच्या चकत्या, अगदी मापात. एकीचं फडकं सोडलं आणि बोट लावून लगेच मागे घेतलं. सात वाजले तरी भाकरीच्या तव्यासारखी तापलेली होती. पुन्हा फडकं गुंडाळलं, होती तशी कोपऱ्यावर ठेवली, आणि खाली येऊन पाचाचेच बारा काढले.