आमची वाटचाल : मागाच्या वजनापासून नावेच्या झाकणापर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप पॉवरलूमच्या सुट्या भागांवर उभं राहिलं. साध्या मागावर बीमचा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाचा, ताण साखळी, तरफ आणि वजनांवर चालतो, हे सोलापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वजन तेच, पण तरफेवर एक खाच पुढे सरकवलं की ताणा घट्ट आणि मागे घेतलं की सैल. आज आम्ही नावांच्या इंजिनवरची अवजड झाकणं उचलायला हलकी करून देतो, तेव्हा हाच हिशेब वापरतो. एवढी साधी गोष्ट न समजून घेता एका माणसाने आमचं नाव खराब केलं होतं, म्हणून इथे सगळं आकड्यांसकट लिहीत आहोत.

सोलापुरात नावा कुठल्या, असं बाहेरचे विचारतात. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि करमाळा-इंदापूर यांच्यामध्ये पाणी पसरलं. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून माणसं, मोटारसायकली, भाजीची पोती नावेतून पलीकडे जातात. ११७ टीएमसीच्या धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली, म्हणजे धरण ‘मायनस’मध्ये गेलं की नावा गाळावर टेकतात, आणि तोच आमचा हंगाम.

पहिलं झाकण करमाळ्याकडच्या एका नाववाल्यांनी टेम्पोत घालून आणलं. ते आजही आमचं पहिलं गिऱ्हाईक आहेत. झाकण १२०० बाय ९०० मिलिमीटर. ४ मिलिमीटर चेकर्ड प्लेट, साधारण ३६ किलो. खाली ३५ बाय ३५ बाय ५ चा अँगल, चौकट आणि दोन आडव्या पट्ट्या धरून ६ मीटर, म्हणजे १६ किलो. आवाज दाबायला लावलेला रबर, कडी वगैरे ६ किलो. एकूण ५८. बिजागरीच्या बाजूने जमिनीला टेकलेलं झाकण कडेला धरून उचललं की हातावर निम्मं वजन येतं, म्हणजे २९ किलो. तेही वाकून, ओल्या डेकवर, खाली इंजिन चालू असताना.

आमच्याकडे ५० किलोपर्यंत मोजणारा ताणकाटा आहे. डायल पिवळी पडली आहे, हूक एकदा बदललाय, पण दरवर्षी माहीत असलेल्या वजनावर तपासतो आणि आजही बरोबर दाखवतो. कुठलंही झाकण आलं की हा काटा कडीला अडकवायचा, सरळ वर ओढायचं आणि झाकण हलतं त्या क्षणी आकडा वाचायचा. त्याची दुप्पट म्हणजे झाकणाचं वजन. खोलून काट्यावर न्यायची गरज नाही. पहिल्या झाकणावर ३१ आला. वरचे २ किलो चिकटलेल्या रबरी पट्टीचे होते. पट्टी आधी पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून मगच मोजा, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग येतो गॅस स्प्रिंग, ज्याला लोक डिकीचा शॉकर म्हणतात. नळीत दाबलेला नायट्रोजन आणि थोडं तेल. नळीवर ४५० न्यूटन, म्हणजे साधारण ४६ किलोचा जोर, लिहिलं असेल तर तो जोर पूर्ण उघडलेल्या स्थितीतला. दाबला की पाऊणशे-शंभर न्यूटन, कधी त्याहून जास्त वाढतो. आम्ही त्या झाकणाला ४५०चे दोन लावले. उघडलेली लांबी ५०० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकतो ते अंतर, २००.

जोरापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कुठे बसवला. स्प्रिंगचं प्रत्येक टोक एका गोळ्यावर फिरतं. झाकणावरचा गोळा बिजागरीपासून ३०० मिलिमीटरवर. खालचा गोळा बिजागरीच्या रेषेपासून ५० मिलिमीटर आत आणि २०० मिलिमीटर खाली. हा २०० चा आकडाच सगळं काम करतो. झाकण बंद असताना स्प्रिंगची रेषा बिजागरीपासून सुमारे १८७ मिलिमीटर दूर राहते, म्हणजे जिथे वजन सर्वांत जास्त जाणवतं तिथेच स्प्रिंगला तरफ जास्त मिळते. ४५ अंशांवर ती १२० च्या आसपास येते, आणि ८० अंशांवर ५० च्या थोडी वर, कारण तोवर वजनच बिजागरीवर आलेलं असतं. ताणकाट्यावर आकडा २९ वरून ५ वर आला. मध्यावर ७ लागतात, वर नेऊन सोडलं की जागेवर थांबतं.

कागदावर जमत नसेल तर जमिनीवर खडूने पूर्ण मापात बिजागरी काढा, झाकणाची पुठ्ठ्याची पट्टी खिळ्यावर फिरवा आणि दोन गोळ्यांमधलं अंतर बंद आणि उघडं असताना मोजा. आमच्या मापात ते ३२० आणि ४९५ येतं. स्ट्रोक पूर्ण वापरू नका, दोन्ही टोकांना थोडी मोकळीक ठेवा.

५०० न्यूटनचे का लावले नाहीत, असं सगळे विचारतात. स्प्रिंगचा जोर २० अंश तापमानाला मोजलेला असतो आणि दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्क्याने वाढतो. आपल्याकडचा मे महिना आणि त्यात चालू इंजिन. खाली ६० अंश सहज होतात. म्हणजे १३ टक्के वाढ. ५००चे लावले तर तापलेल्या इंजिनवर कडी काढताच झाकण आपोआप उठतं आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर बसतं. दांडा नेहमी खाली, नळी वर, म्हणजे तेल सीलवर राहतं.

आता त्या कंत्राटदाराचं आणि त्या दुसऱ्या फॅब्रिकेटरचं. नाव घेत नाही. एका कंत्राटदाराने बारा झाकणांचं काम दिलं, आम्ही ते पूर्ण करून दिलं. बिल निघायच्या आधी शेजारच्या गाळ्यातल्या एकाने त्याला पटवलं की आमचे स्प्रिंग कमजोर आहेत, तो जास्त ताकदीचे स्वस्तात लावून देईल. त्याने पाच झाकणांचे आमचे ब्रॅकेट कापले. २०० खाली जायचं तर इंजिनच्या बाजूला आडवं पडावं लागतं. त्याने वरूनच हात घालून ६० मिलिमीटरवर ब्रॅकेट ठोकले. ६० वर तरफ राहते फक्त ७० मिलिमीटर. ती भरून काढायला त्याने १००० न्यूटनचे दोन-दोन स्प्रिंग लावले. तरीही बंद झाकण उचलायला ८ किलो लागत होते, आणि ६० अंशांपुढे तेच झाकण हातातून सुटून मागे आपटत होतं.

खरं नुकसान वेगळंच झालं. इतक्या आडव्या बसलेल्या स्प्रिंगचा जवळजवळ सगळा जोर झाकणाला बिजागरीपासून दूर ढकलतो. बंद स्थितीत तो सुमारे २५० किलोइतका ताण, रात्रंदिवस. आमच्या मापात तो ९० असतो. दोन नावांवर बिजागऱ्याच लाकडातून उपटून आल्या. कंत्राटदाराने बिजागऱ्या आमच्या म्हणून दोष आमच्यावर टाकला आणि बाराही झाकणांचं बिल अडवलं. ते बिल आम्हाला आजवर मिळालेलं नाही.

त्या वर्षी एक लेथ विकला, दोन कामगारांचे पगार तीन महिने हप्त्याने दिले, आणि वर्कशॉप बंद करायचं की नाही यावर घरात रोज बोलणं होत होतं. करमाळ्याच्या त्याच नाववाल्यांनी आणखी तीन झाकणांची पूर्ण रक्कम आगाऊ दिली आणि इतर नाववाल्यांना त्यांचं झाकण उघडून दाखवलं. ते नसते तर आज हे लिहायला आम्ही नसतो.

त्या प्रकरणात आमचीही एक चूक होती आणि ती आम्ही सुधारली. त्या झाकणांना आम्ही बिजागऱ्या लाकडात पिळायच्या स्क्रूने लावल्या होत्या. ९० किलोला ते पुरले असते, पण पुरले असते यावर काम सोडायचं नसतं. तेव्हापासून प्रत्येक बिजागरी आरपार बोल्टने, मागे ६ मिलिमीटरची पट्टी देऊनच. ब्रॅकेटही ६ मिलिमीटर प्लेटचा, एम-८ चा गोळा. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करताना दांड्यावर ओलं फडकं गुंडाळतो. एक ठिणगी चिकटली तरी दांडा सील चिरतो आणि चार महिन्यांत गॅस जातो. दांड्याला पकड लावणाऱ्याला आमच्याकडे कामाला ठेवत नाही.

पुढची वर्षं कामं मिळत राहिली, कोकणातल्या ट्रॉलरचीही. तिथल्यांना सांगतो, खाऱ्या हवेत ३१६ स्टीलचेच स्प्रिंग घ्या. साध्या दांड्याला खड्डे पडतात. आणि कुठेही, गोड्या पाण्यातसुद्धा, नुसत्या स्प्रिंगवर विसंबू नका. स्प्रिंग सांगून जात नाही. १२ मिलिमीटरची टेकूसळई बिजागरीने जोडून घ्या, नाव डोलत असताना इंजिनमध्ये उतरण्याआधी ती खाचेत बसलीच पाहिजे.

झाकण ८० किलोच्या पुढे असेल तर आमच्याकडे येण्याआधी ते मधोमध कापून दोन पाती करता येतात का ते बघा. मध्ये पन्हळी ठेवली, तिला बाहेर निचरा दिला, की पाणी आत जात नाही. किंवा चेकर्ड प्लेट ॲल्युमिनियमची करा, प्लेटचं वजन एक तृतीयांश होतं. आमचा धंदा कमी झाला तरी चालेल.

करमाळ्याच्या त्या पहिल्या झाकणाचे स्प्रिंग आजवर दोनदा बदलले, ब्रॅकेट तेच आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला पंचने ठोकलेलं आहे : ३०० – ५० – २००, ४५० न्यूटन. पुढच्या वेळी कोणीही स्प्रिंग बदलला तरी त्याला मापासाठी आम्हाला शोधत यावं लागणार नाही.